घरच्या नळाची गळती घरीच थांबवा

नांदगाव तालुक्यातील माणसाला पाण्याचे मोल सांगत बसण्याची गरज नाही. गिरणा नदीवरील धरण याच तालुक्यात, पांझण येथे १९६९ साली पूर्ण झाले. परंतु त्याचे बहुतांश लाभक्षेत्र खाली जळगाव जिल्ह्यात आहे. नांदगाव शहरासह ५६ खेड्यांची नळपाणी योजना याच धरणावर उभी राहिली. तालुक्यातीलच मनमाडने वाघदर्डी धरण आटल्यावर कित्येक उन्हाळे दोन-दोन आठवडे नळाकडे डोळे लावून काढले आहेत. पाणी सुटले की बॅरल, हंडे, टाकी, हौद, जे रिकामे असेल ते भरून ठेवायचे, ही येथील घराघरातील रीत आहे.

असे असूनही वस्त्यांवर फिरताना एक विसंगती वारंवार दिसते. शेतात ठिबक संच बसविलेला असतो. एखादा ड्रीपर जास्त पाणी सोडू लागला तर शेतकरी त्याच दिवशी तो बदलतो. मात्र त्याच शेतकऱ्याच्या अंगणातील नळ दोन-दोन महिने टपटपत असतो, त्याखाली बादली ठेवलेली असते आणि नळाच्या चावीला सुतळी बांधलेली असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "प्लंबरला निरोप दिला आहे, पण एवढ्याशा कामासाठी तो वस्तीवर येत नाही." त्याचेही खरे आहे. पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी गाडीला किक मारून इतक्या लांब येणे त्याला परवडत नाही.

शेतकरी बंधु-भगिनींनो, ज्याला सबमेनला भोक पाडून ग्रोमेट व टेकऑफ बसविता येतो, फुटलेला पीव्हीसी पाईप कापून सोल्युशनने जोडता येतो, विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करता येतो, त्याला घरच्या नळाची नेहमीची दुरुस्ती अवघड नाही. हत्यारे जवळपास तीच आहेत.

गळती आधी मोजा

गळत्या नळाखाली २०० मि.लि.चा पेला ठेवा व घड्याळ पाहा. पेला १० मिनिटांत भरला तर तासाला १.२ लिटर आणि चोवीस तासांत जवळपास २९ लिटर पाणी गेले. महिन्याला ८६० लिटरच्या वर, म्हणजे २०० लिटरची चार बॅरल भरून थोडे उरेल इतके. ताशी ४ लिटरचा ड्रीपर दोन तास चालविला तर झाडाला ८ लिटर मिळतात. त्याच्या साडेतीन पट पाणी हा नळ रोज कोणतेही पीक न घेता सोडतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी एका टपटपत्या नळातून जाते.

सर्व नळ कोरडे दिसत असूनही टाकी लवकर रिकामी होत असेल तर गळती भिंतीत किंवा जमिनीत आहे. ती शोधण्यासाठी रात्री सर्व नळ बंद करावेत, टाकीत येणारे पाणीही बंद करावे आणि टाकीच्या आतल्या बाजूस पाण्याच्या पातळीवर खडूने किंवा पेन्सिलने खूण करावी. सकाळी पातळी किती उतरली ते मोजावे. आतून १ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ से.मी. उतरली तर सुमारे ८ लिटर पाणी गेले. चौकोनी हौद १ मीटर बाय १ मीटर असेल तर बरोबर १० लिटर. शौचालयाच्या फ्लश टाकीचा संशय असेल तर तीत कपड्याची नीळ थोडी टाकून अर्धा तास कोणी वापर करू नये. भांड्यात निळसर पाणी उतरले तर आतील रबरी झडप नीट बसत नाही.

बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारे पाणी

गळतीतून पाणी वाया जाते एवढेच सर्वसाधारणपणे लक्षात घेतले जाते. याहून गंभीर बाब दुसरी आहे. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी सुरू असते तेव्हा पाईपमध्ये दाब असतो व फटीतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की दाब जातो, उताराकडील पाणी ओसरू लागते आणि पाईप आतून ओढ घेतो. त्या वेळी फटीभोवती जे असेल ते आत शिरते. गावठाणात घरजोडणीचा पाईप बहुतेक ठिकाणी गटारीतून किंवा गटारीखालून आलेला असतो. म्हणजे तेथे काय असते ते वेगळे सांगायला नको. पुढच्या वेळी पाणी सुटताच पहिल्या धारेबरोबर ती घाण हंड्यात येते. हगवण, कावीळ, गॅस्ट्रो यांच्या साथींचे मूळ पुष्कळदा अशा गळक्या जोडातच सापडते.

यात भर पडते ती नळाला थेट जोडलेल्या टुल्लू पंपाची. पाणी कमी दाबाने येते म्हणून घरोघरी हे पंप लावले जातात. हा पंप मुख्य पाईपमधून पाणी ओढतो, तसेच शेजाऱ्याच्या फुटक्या जोडातून गटारीचे पाणीही ओढतो. नळजोडणीवर थेट पंप लावणे नियमबाह्य तर आहेच, पण त्यामुळे आजारी पडणारे घर आपलेही असू शकते. पाणी वर चढवायचे असेल तर आधी जमिनीलगतच्या टाकीत किंवा हौदात आपसूक येऊ द्यावे व तेथून पंपाने चढवावे.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात स्वयंपाकघरातील नळापासून न करता घरजोडणीच्या पाईपापासून करावी. पाणी सुटण्याच्या दिवशी आपल्या वाट्याचा पाईप मुख्य वाहिनीपासून उंबऱ्यापर्यंत चालत पाहावा. कोठे जमीन ओली आहे, कोठे गवत नेहमी हिरवे राहते, कोठे गटारीच्या पाण्यात बुडबुडे येतात, हे डोळ्यांनी कळते. पाईप गटारीतून जात असेल तर तो गटारीच्या वरून न्यावा. तसे शक्य नसेल तर गटारीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना हात-हातभर जास्त लांबीचा मोठ्या व्यासाचा अखंड पाईप घेऊन त्यातून आपला पाईप ओवून घ्यावा, आणि गटारीच्या रुंदीत एकही जोड ठेवू नये. मुख्य वाहिनीला व तीवरील जोडणीच्या ठिकाणाला मात्र स्वतः हात लावू नये. ते काम ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या माणसाचे आहे.

हत्यारे व सामान

एक मध्यम पाईप पाना, एक सरकता पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, लोखंडी करवत, कानस आणि जुनी दातघासणी एवढ्यावर काम भागते. सामानात अर्धा इंची नळाचे चार वायसर, टेफ्लॉन टेपची दोन रिळे, अर्धा इंची दोन कपलिंग, एक एल्बो, एक बंद करावयाचा प्लग आणि पीव्हीसी सोल्युशनचा लहान डबा असावा. प्लग अवश्य ठेवावा. रात्री नळ हातात तुटून आला तर दुकान उघडेपर्यंत तेवढाच उपयोगी पडतो.

पाईप घेताना त्यावर आयएसआय खूण व मानकाचा क्रमांक छापलेला पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपसाठी आय.एस. ४९८५, सीपीव्हीसीसाठी आय.एस. १५७७८ आणि जीआय पाईपसाठी आय.एस. १२३९ ही मानके आहेत. विजेच्या वायरिंगचा पाईप स्वस्त पडतो म्हणून पाण्याला वापरू नये.

नळ बंद करूनही टपकतो

सर्वप्रथम टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि त्यानंतर घरातील सर्वांत खालचा नळ उघडून पाईपमध्ये उरलेले पाणी काढून टाकावे. ही दुसरी पायरी प्रस्तुत लेखक पहिल्यांदा विसरला होता. व्हॉल्व्ह तर बंद केला, परंतु पाईप भरलेलाच होता. नळाचा नट सुटताच सगळे पाणी अंगावर आले आणि निसटलेला वायसर मोरीच्या भोकातून कायमचा गेला. तेव्हापासून मोरीच्या भोकावर आधी फडके टाकतो.

जुना पितळी नळ असेल तर चावीचा स्क्रू काढून चावी उपसावी. खाली नळाच्या अंगावर मोठा षटकोनी नट दिसेल, तो पान्याने डावीकडे फिरवून सोडवावा. पितळेवर दाते उमटू नयेत म्हणून पान्याखाली कापड धरावे. वरचा भाग बाहेर आला की त्याच्या टोकाला रबरी वायसर दिसतो. तो मधोमध खोलगट झालेला, कडक किंवा चिरलेला असतो. त्याच मापाचा नवा वायसर बसवून नळ उलट क्रमाने जोडावा. माप डोळ्याने न ठरवता जुना वायसर दुकानात न्यावा.

नवा वायसर घालूनही आठ दिवसांत नळ टपकू लागला तर दोष वायसरचा नाही. वायसर ज्या कडेवर टेकतो ती नळातील बैठक बोटाने चाचपून पाहावी. तीवर चर पडला असेल तर ती खरखरीत कड प्रत्येक नवा वायसर कापते. अशा वेळी नळच बदलणे स्वस्त पडते. नळ जोराने आवळणे हे बैठक खराब होण्याचे मुख्य कारण आहे. घरातील माणसे नळ जितका जास्त आवळतील तितका तो लवकर गळू लागतो, हे मुलांनाही समजावून सांगावे.

नळ चालू असतानाच चावीखालून पाणी झिरपत असेल तर वायसरचा संबंध नाही, दांडीभोवतीची पॅकिंग सैल झाली आहे. तेथील लहान नट पाव फेरा आवळून पाहावा. न थांबल्यास नट वर सरकवून दांडीभोवती ग्रीस लावलेला सुती दोरा किंवा टेफ्लॉन टेपची वळी गुंडाळून नट पुन्हा बसवावा.

अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, आत चिनी मातीच्या दोन चकत्यांचा संच असतो. तो दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. दुकानदाराला जुना संच दाखवावा, कारण चावी बसते त्या टोकावरील दात्यांची संख्या वेगवेगळी असते.

आपल्या भागात बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असेल तर वायसर चांगला असूनही नळ जड फिरतो. सुटे भाग लिंबाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात तासभर ठेवून दातघासणीने घासावेत व स्वच्छ धुवावेत. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर बहुधा तोंडाच्या जाळीत क्षार किंवा वाळू अडकलेली असते. सगळ्याच नळांची धार गेली असेल आणि टाकी नुकतीच रिकामी होऊन भरली असेल तर पाईपमध्ये हवा धरली आहे, असे समजावे. शेतातील पाईपलाईनला एअर व्हॉल्व्ह का लावतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे कोडे पडणार नाही.

आट्याचा जोड

भिंतीजवळ नळाच्या आट्यातून पाणी येत असेल तर नळ पूर्ण काढावा, जुनी टेप व सूत दातघासणीने साफ करावे आणि आटे कोरडे करावेत. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटून गोळा होते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. आठ-दहा वेढे पुरतात. नळ बसल्यावर तोंड सरळ करण्यासाठी मागे फिरवू नये. तसे केले तर जोड पुन्हा गळतो. काढून, नवी टेप लावून परत बसवावा.

पूर्वी आट्याला ताग व सफेदा लावीत. शिसे असलेला सफेदा पिण्याच्या पाण्याच्या पाईपला कधीही वापरू नये. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा अपाय अधिक होतो.

प्लॅस्टिकच्या आट्याला पाईप पाना लावण्याचा मोह टाळावा. हाताने घट्ट बसवून पान्याने फार तर पाऊण फेरा द्यावा. लोखंडी किंवा पितळी आटा प्लॅस्टिकच्या आतील आट्यात बसवायचा असेल तर पितळी आटे घातलेलाच एल्बो घ्यावा. साधा प्लॅस्टिक एल्बो आवळताना तडकतो. तो भिंतीच्या आत असला तर एका नळासाठी भिंत फोडावी लागते. प्रस्तुत लेखकाला हा धडा घरच्याच मोरीत मिळाला, आणि त्या भिंतीवरचा सिमेंटचा ठिगळ अजून दिसतो.

पीव्हीसी पाईपचा जोड

हे काम आपल्याला येतेच, म्हणून फक्त जेथे चुका होतात तेवढे सांगतो. पाईप काटकोनात कापावा व आतबाहेरची कूस कानशीने काढावी. सोल्युशन न लावता एकदा बसवून पाईप किती आत जातो त्यावर खूण करावी. दोन्ही पृष्ठभाग अगदी कोरडे हवेत. ओल्या पाईपवर लावलेले सोल्युशन धरत नाही, आणि घरगुती जोड पुन्हा गळण्याचे हे पहिले कारण आहे. व्हॉल्व्ह बंद करूनही पाईपमधून थेंब येत असतील तर आत कोरड्या कापडाचा बोळा तात्पुरता बसवावा, मात्र जोडण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. दोन्हीकडे पातळ थर लावून पाईप खुणेपर्यंत ढकलावा, पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. घट्ट झालेले जुने सोल्युशन टाकून द्यावे. पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही, त्याचे वेगळे येते. शक्य असेल तर पूर्ण दाबाचे पाणी दुसऱ्या दिवशी सोडावे. सोल्युशन पेट घेते, तेव्हा काम चालू असताना जवळ चूल व विडी नको.

पाणी सुटायला तास उरला आहे आणि पाईपला चीर गेली आहे, अशा वेळी सायकलची जुनी ट्यूब दोन बोटे रुंद पट्टीत कापून चिरेच्या अलीकडून पलीकडे खूप ताणून गुंडाळावी व वरून क्लॅम्प आवळावा. ही सोय तात्पुरती आहे. जमिनीखालच्या किंवा गटारीजवळच्या पाईपवर ती ठेवू नये. गंजलेल्या जीआय पाईपला एका ठिकाणी भोक पडले असेल तर इतर ठिकाणीही पत्रा तितकाच झिजलेला असतो. त्याला ठिगळे लावीत बसण्यापेक्षा तो तुकडा बदललेला बरा.

टाकी भरून वाहते

टाकीतील बॉलकॉकचा दोष ओळखण्याची सोपी पद्धत आहे. पाणी येत असताना बॉलची दांडी हाताने वर उचलून धरावी. पाणी थांबले तर झडप चांगली आहे, दोष बॉलचा आहे. बॉलमध्ये पाणी शिरले असेल किंवा दांडी वाकली असेल. बॉल हलवून पाहिला की आतील पाण्याचा आवाज येतो. दांडी वर धरूनही पाणी येतच राहिले तर झडपेत वाळू अडकली आहे किंवा तिचा वायसर गेला आहे. टाकी थोडी आधी बंद व्हावी असे वाटत असेल तर पितळी दांडी किंचित खाली वाकवावी. वाहून गेलेले पाणी घराभोवती साचून डास होतात, म्हणूनही हे काम लांबवू नये.

विजेची काळजी

मोटारीशी जोडलेल्या पाईपवर काम करताना स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही. भारनियमनाच्या वेळा पाळणाऱ्या माणसाला वीज कधी येईल याचा नेम नसतो. मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. काही घरांत विजेचे अर्थिंग लोखंडी पाण्याच्या पाईपला बांधलेले आढळते. हे अत्यंत धोक्याचे आहे. मध्येच एक तुकडा पीव्हीसीचा बसविला की ते अर्थिंग निकामी होते आणि नळाला हात लावणाऱ्यास धक्का बसू शकतो. असे अर्थिंग दिसल्यास प्रथम वायरमनकडून जमिनीत स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे, त्यानंतरच पाईपला हात लावावा.

दुरुस्तीनंतर

पाईप उघडला म्हणजे आत माती गेली असे धरून पहिले पाणी बादलीत काढून झाडांना घालावे. त्यानंतर टाकीतील पाणी टीसीएल पावडरने शुद्ध करावे. १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम लागते. ती प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून निवळू द्यावी, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे व एक तासाने पाणी वापरावे. तळाचा चुना टाकीत टाकू नये. उघड्या डब्यात पडून राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून गेलेला असतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओ.टी. चाचणीचे साहित्य असते, घरच्या नळाच्या पाण्याचा नमुना त्याला दाखवावा.

पुढील आठ दिवस टाकीतील खडूची खूण रोज सकाळी पाहावी. नवीन जोड त्याच दिवशी कोरडा दिसतो, पण गळायचा असेल तर बहुधा पूर्ण दाबाचे पाणी दोन-तीनदा येऊन गेल्यावर गळतो.